नागपुरात दारूमुक्तीचा गट कसा शोधावा, आणि पहिल्या सभेला सोबत कोणी बसू शकते का?

प्रश्न (लोकमान्यनगरचा रहिवासी):
माझे मोठे बंधू हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळीने काम करतात. काही वर्षांपासून ते रोज पितात. आता त्यांनी आपण होऊन अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या गटांच्या) सभेला एकदा जाऊन बघण्याची तयारी दाखवली आहे. त्यांना धास्ती एवढीच वाटते, की तिथे कारखान्यातले कोणी भेटले तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोच विषय निघेल. नागपुरातील गटांचा पत्ता कसा मिळवावा, पहिल्या दिवशी मला त्यांच्याजवळ बसता येईल का आणि तिथे बोलावेच लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दारू सोडवण्याची एक पूड भाजीत मिसळून द्यावी, असे एक नातेवाईक वहिनींना सुचवत आहेत. त्याबद्दलही आपले मत हवे आहे.

उत्तर (सदर भागातील, अशाच एका गटाचा सभासद):
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या भारतीय संकेतस्थळावर शहरानुसार सभांची माहिती मिळते, पण जागा आणि वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. फोन शक्यतो बंधूंनीच करावा. पलीकडे बोलणारा माणूसही बहुधा दारू सोडलेलाच असतो, आणि निम्मी भीती त्या फोनवरच ओसरते.

सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेला नातेवाईकांसह कोणालाही बसता येते, तर बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. म्हणून तुम्ही सोबत जाणार असाल तर खुली सभा कोणत्या दिवशी आहे ते आधी विचारून घ्यावे. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, शेवटी थैली फिरते, तिच्यात ज्याला जमेल तो टाकतो आणि नवख्याने काहीच टाकले नाही तरी कोणी बघत नाही. बोलण्याची सक्ती नसते. ‘आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी पुरते.

ओळखीचे कोणी भेटेल का? भेटू शकते, आपले नागपूर तेवढेच आहे. पण तो माणूसही त्याच कारणासाठी तिथे बसलेला असतो, त्यामुळे बाहेर नाव काढणे त्यालाही परवडणारे नसते. खोलीत ऐकलेले खोलीतच ठेवण्याचा संकेत लोक मनापासून पाळतात, कारण त्यांचे स्वतःचे गुपितही त्याच आधारावर टिकून असते. तरीही बंधूंना अवघड वाटत असेल, तर घराजवळचा गट टाळून मेट्रोने सीताबर्डीला उतरावे आणि गाडी बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गटाला जावे. सभेत ईश्वराचा उल्लेख होतो आणि प्रार्थनाही होते, मात्र ती कोणत्या एका धर्माची नसते. ‘आपल्याहून मोठी शक्ती’ म्हणजे काय ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. (सभेनंतर बाहेर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जाताना दिसला तर दचकू नये. तिथे सोडण्याचे ठरते ते दारूचे.)

पहिल्या गटात मन रमले नाही, तर दुसरा बघावा. एखाद्या गटात वयस्कर मंडळी अधिक असतात, एखाद्यात हिंदी जास्त चालते. एका संध्याकाळवरून साऱ्याच गटांविषयी मत बनवणे योग्य नाही.

उत्तर (मानसोपचार विभागात काम केलेली समाजसेविका):
सभेच्याही आधी डॉक्टरांना भेटावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, झोप उडणे, फिट येणे, भ्रम होणे असे त्रास होऊ शकतात, आणि त्यातील काही जिवावर बेततात. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवल्यास औषधे देऊन हे दिवस सुरक्षितपणे पार पाडता येतात. गटाचे काम त्यानंतरचे आहे, आणि ते दीर्घकाळ चालणारे आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही नि:शुल्क मदतवाहिनीही आहे.

पूड मात्र कदापि देऊ नये. अशा पुड्यांत काय असते ते विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध) असेल आणि बंधूंनी नकळत वर दारू घेतली, तर उलट्या होणे, छाती धडधडणे, रक्तदाब एकदम खाली जाणे असे प्रकार होऊन मृत्यूही ओढवू शकतो. हेच औषध डॉक्टर रुग्णाची संमती घेऊन, तपासण्या करून आणि सर्व समजावून देतात, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

उत्तर (धंतोलीतील गृहिणी):
आपल्या वहिनींबद्दल लिहिते. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे नवऱ्याला कसे सुधारावे याचे धडे मिळत नाहीत. बाटल्या शोधणे, साहेबांना फोन करून खोटी कारणे सांगणे, उधारी फेडणे ही कामे आपण कशासाठी करत राहतो, यावर तिथे बोलणे होते. मला हे आरंभी रुचले नव्हते, कारण दोष माझाच काढला जातो आहे असे वाटे. पुढे लक्षात आले, की त्या खोलीत दोष कोणाचाच काढत नाहीत. बंधू सभेला गेले नाहीत तरी वहिनींना जाता येईल, त्यासाठी त्यांची वाट बघण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मन:पूर्वक आभार. पूड देण्याचा विचार सोडून दिला आहे आणि सोमवारी मेडिकलला जाण्याचे ठरले आहे. एकच शंका उरली: दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळची सभा गाठता येणार नाही, तेव्हा काय करावे?

उत्तर (सदर भागातील, गटाचा तोच सभासद):
त्या आठवड्यात ऑनलाइन सभांना बसावे. त्या वेगवेगळ्या वेळी भरतात आणि मराठी-हिंदीतूनही होतात. शिवाय पहिल्याच सभेत एक-दोघा जुन्या सभासदांचे फोन क्रमांक मागून घ्यावेत. पाळी सुटल्यावर, दारूचे दुकान उघडे असते त्या वेळी, त्यांपैकी कोणाशी तरी बोलत घरी यावे. अशा फोनची आम्हाला सवय आहे, रात्री उशीर झाला म्हणून त्यांनी संकोच करू नये.