२५ एमएमचे पाइप कुठे गेले?

*जोशी काका ए-१०३:* मीटर रूममध्ये वायरिंगच्या कामातून उरलेले २५ एमएमचे दोन पाइप होते. आज दिसत नाहीत. कोणी नेले ते कृपया कळवावे.

*सेक्रेटरी:* बघतो काका.

*नेहा बी-४०२:* काका, त्यांच्या सुया झाल्या 🙏 रात्रपाळीच्या वॉचमन मामांसाठी ब्लँकेट विणतोय आम्ही. टोकं घासून पॉलिश पेपर मारलाय. आधी विचारायला हवं होतं, चुकलंच.

*जोशी काका ए-१०३:* सोसायटीची वस्तू आहे. शिडीचंही असंच झालं होतं.

*बी-२०१:* शिडी परत केली होती. फोटो आहे माझ्याकडे. दर वेळी शिडी का निघते?

*पाटील सी-५०१:* पाइपच्या सुया? मग क्रोशाला काय, छत्रीचा दांडा? 😀

*देशपांडे काकू ए-३०४:* नेहा, तू ५० नंबर म्हणालीस, मी दुकानात तोच मागितला. तो बघतच राहिला. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन एमएम.

*नेहा बी-४०२:* सॉरी काकू, ते अमेरिकन नंबर. तिकडे ५० म्हणजे २५ एमएम. आता एमएमच सांगत जाईन.

*जोशी काका ए-१०३:* २५ एमएमचे दोन पाइप.

*सी-२०२ वहिनी:* याला विणकाम म्हणायचं? एकेका टाक्यातून मांजर जाईल. आणि क्लब हाऊसभर लोकरीचे तंतू. शनिवारी आमच्या पाहुण्यांच्या कपड्यांना चिकटले. बोलायचं नाही म्हणून गप्प होते.

*नेहा बी-४०२:* ती आधीची जाड लोकर होती वहिनी. तिला पीळच नसतो, म्हणून तंतू सुटतात, गोळे धरतात. आता साध्या लोकरीचे दहा-बारा धागे एकत्र घेतोय. झाडूनही घेतो.

*देशपांडे काकू ए-३०४:* मी चाळीस वर्षं बारीक सुयांवर विणलं. नातवंडांचे सगळे स्वेटर माझे. संधिवाताने बोटं मिटेनात, दोन वर्षं सुई धरवली नाही. ही जाड सुई मुठीत बसते. काल आठ ओळी झाल्या, वीतभर वीण. सगळे सुलट टाके, पण माझ्या हातचे. घरी येऊन रडले मी.

*सी-२०२ वहिनी:* काकू, तुम्हाला नव्हतं हो म्हणायचं 🙏

*बी-१०२ फिजिओ:* काकू, ब्लँकेट वाढलं की वजन मनगटावर येतं. टेबलावर टेकवून विणा, मध्ये मध्ये थांबा.

*पाटील सी-५०१:* चेन्नईला २०१६ मध्ये बायकांनी ११,१४८ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट केलं होतं, गिनेसमध्ये नोंद आहे. बघा, जमतंय का 💪

*सी-२०२ वहिनी:* तेवढी जागा असती तर माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी लागली नसती.

*सेक्रेटरी:* पार्किंग इथे नको, प्लीज.

*जोशी काका ए-१०३:* पाइप परत नकोत. रजिस्टरला नोंद करा: पाइप २५ एमएम, २ नग, विणकामासाठी. खाली सही.

*नेहा बी-४०२:* संध्याकाळी येते काका.

*सी-२०२ वहिनी:* आणि गाडीचं?