गरम झाल्यावर बंद पडते? आधी ठिणगी बघा

तुम्ही म्हणताय, जुनी पेट्रोल गाडी वीसेक मिनिटं झकास चालते, मग खोकत बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. बाकी उत्तरं देणारे सगळे कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) मागे लागलेत, पण माझा संशय कंडेन्सरवर (विजेचा भार साठवणारा छोटा डबा), नाहीतर कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी).

बंद पडल्या पडल्याच तपासा. थंड झाल्यावर सगळंच शहाण्यासारखं वागतं! कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) टोपीतून काढा, टोक इंजिनच्या धातूपासून ५-६ मिमीवर धरा (इन्सुलेटेड पकडीनेच, झटका सणसणीत असतो, आसपास पेट्रोल नको) आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क), कंडेन्सर निर्दोष सुटले. मग रोटर (टोपीखाली फिरणारा तुकडा) आणि टोपीतल्या बारीक चिरा शोधा. पिवळी, मरतुकडी आली तर पॉइंट उघडून बघा. निळसर-काळे जळलेले, एकावर खड्डा नि दुसऱ्यावर टेंगूळ? बहुतेक कंडेन्सरच.

कॉइलचा प्रायमरी रोध (कमी व्होल्टच्या वेटोळ्याचा) गरम असतानाच मोजा. बॅलास्ट (कॉइलला जोडलेला वेगळा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ओहम, बॅलास्टवालीला दीडच्या आसपास.

आणि हो, नवा कंडेन्सर चांगलाच असेल असं धरू नका. माझा नवाकोरा दुसऱ्याच दिवशी गेला. जुनाच परत लावून घरी आलो.