गीझर तडतडतो आणि खाली ठिबकतो: टाकी खरंच गेली का?

गच्चीवरची, लातूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २५ लिटरचा उभा गीझर आहे, २०१८ ला बसवलेला. पाणी बोअरचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्याच उन्हाळ्यात बोअर पाडलं. पाणी लागलं, पण इतकं जड की बादलीला आतून पांढरी कड येते आणि डाळ शिजता शिजत नाही.

महिनाभरापासून गीझर लावला की आतून तडतड ऐकू येते, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी. पूर्वी अर्ध्या तासात दिवा विझायचा, आता पाऊण तास लागतो. शिवाय खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. सासूबाईंनी तिथे तांब्या ठेवलाय आणि तो किती भरला याचा हिशोब मला रोज चहाबरोबर मिळतो.

सर्व्हिसवाला आला, झाकण न उघडताच म्हणाला, टाकी गेली, नवीन घ्या. नाहीतर ॲसिड मारून देतो, पण गॅरंटी नाही. सात वर्षांत आम्ही त्याला हात लावलेला नाही हे खरं. पण न बघता कसं कळलं?

हौशी_मिस्त्री

ताई, नवीन कशाला घेता? बाथरूम धुवायचं ॲसिड इनलेटमधून आत सोडा, अर्धा तास ठेवा, धुऊन टाका. आमचा दोनदा केलाय.

जुना_पान्हा, सोलापूर

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. टाकीला आतून काचेसारखा लेप असतो. तो कुठे ना कुठे बारीक तडकलेला असतोच, आणि ते ॲसिड नेमकं तिथून पत्र्याला लागतं. वर्षभराने टाकी शिवणीवर गळायला लागते आणि माणूस कंपनीला शिव्या घालतो. बावीस वर्षं हेच काम केलंय, अशा टाक्या भंगारात मीच टाकल्यात.

तांब्याचं आधी सांगतो, सासूबाईंना काळजी आहे म्हणून. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर नेलं तर साधारण ३५० मिली वाढतं. व्हॉल्व्ह ते मागे पाइपात जाऊ देत नाही, म्हणून खालून बाहेर टाकतो. तापत असताना ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह चांगला आहे. गीझर बंद करून रात्रभर ठेवल्यावरही ठिबकत असेल तर आत खडा अडकलाय किंवा बदलायचा झालाय. ठिबकतंय म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. ते मात्र कधी करू नका, टाकी फुटेल.

पाऊण तासाचं कारण बहुधा थंडी. कॉइल दोन किलोवॉटचं असेल, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आत्ता १५-१६ अंशांवर येत असेल, तर ६० ला जायला चाळीस मिनिटं लागणारच. क्षारांनी तापायला फारसा उशीर होत नाही. त्यांच्यामुळे कॉइल आतल्या आत जास्त तापतं आणि जळतं. तडतड ऐकू येते ती त्याची. कॉइलवर बसलेल्या क्षारांच्या थरात अडकलेलं पाणी उकळून फुटतं.

आता खरी गोष्ट. त्या झाकणाला कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमची एक कांडी असते, अ‍ॅनोड म्हणतात. टाकीऐवजी ती झिजते, एवढंच तिचं काम. जड पाण्यात दर वर्षी उघडून बघायची. ती संपली की पुढची पाळी टाकीची. तुमची सात वर्षांत कुणी बघितली नाही. टाकी गेली की नाही ते ती कांडी आणि टाकीचा तळ बघूनच कळेल.

नुसत्या बटणावर विसंबू नका, एमसीबी पाडा. रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी इनलेटचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा, म्हणजे हवा आत जाईल, मग खालून पाणी सोडा. झाकण इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घ्या, कारण वायरी परत नीट लागल्या पाहिजेत, विशेषतः अर्थिंगची. कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, दोन लिटरला शंभर ग्रॅम. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालचं रबर, नवीनच घाला, जुनं परत बसवलं की गळतं. आणि भरताना गरम नळातून फसफस न करता सलग धार येईपर्यंत बटण दाबू नका. कोरडं कॉइल मिनिटभरात जातं.

उन्हाची_टाकी

सोलरवाल्यांनी टाकी रिकामी करण्याआधी वरची हवेची नळी तपासा. आमची क्षारांनी बुजली होती. खालून पाणी सोडलं, हवा आत जाईना, आणि आतली टाकी प्लास्टिकच्या बाटलीसारखी चेपली. दोनशे लिटरची, दहा मिनिटांत.

गच्चीवरची, लातूर

काल उघडला. सुरुवातीला गढूळ पाणी आलं, मग ते थांबलंच. नळीत पांढरी टरफलं अडकली होती, अंड्याच्या कवचासारखी. उदबत्तीच्या काडीने ढोसली तेव्हा परत वाहायला लागलं. सगळी मिळून तीन वाट्या निघाली, मी मोजली, कारण आमच्याकडे सगळंच मोजतात. कॉइल खडूच्या कांडीसारखं जाड झालं होतं. लिंबूसत्त्वात टाकलं तर तासभर इनोसारखं फसफसत होतं.

अ‍ॅनोडची फक्त मधली तार उरली होती. टॉर्च मारून बघितलं तर तळाशी दोन जागी तांबूस डाग, पण भोक नाही. नवी कांडी आणि गॅस्केट मिळून एका नव्या गीझरच्या किमतीपुढे काहीच नाही. तडतड थांबली. तापायला अजूनही चाळीस मिनिटं लागतात, तुमचं खरं निघालं.

एक विचारायचं राहिलं. थर्मोस्टॅट किती ठेवू? सर्व्हिसवाल्याने ७५ वर ठेवला होता.

जुना_पान्हा, सोलापूर

६० वर. वर नेलं की क्षार जास्त बसतात. आणि फार खालीही नको, पाणी कोमट साठवून ठेवलं की आत जंतू वाढतात. ते तांबूस डाग सहा महिन्यांनी परत बघा. तोवर नवी कांडी त्यांना धरून ठेवेल.

गच्चीवरची, लातूर

ठीक. तांब्या मात्र अजून तिथेच आहे. आज पाऊण पेला.