मदत हवी आहे: कठीणपणा न गमावता डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनच्या) लेपाची पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभागाची इतर पदार्थ चिकटवून घेण्याची ओढ, कशी कमी करावी?

रबराच्या साच्यांसाठी आम्ही पोलादावर सिलिकॉनचा पातळ थर देऊन ॲसिटिलीनच्या प्लाझ्मातून (विद्युतभारित वायूतून) दोन मायक्रॉनचा हायड्रोजनयुक्त डीएलसी लेप चढवतो. त्यावर पाण्याचा थेंब पसरट बसतो, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका मोठा, तितकी पृष्ठऊर्जा कमी) जेमतेम ७२ अंश भरतो आणि साच्याच्या कोपऱ्यांत रबर चिकटून राहते. कार्बन टेट्राफ्लुओराइड हा फ्लोरिनयुक्त वायू मिसळल्यावर कोन ९४ अंशांवर गेला, मात्र कठीणपणा २० वरून ९ गिगापास्कलपर्यंत घसरला. तयार लेपावर नुसता फ्लोरिन प्लाझ्मा दिला, तर अल्कोहोलने चारदा पुसताच परिणाम ओसरला, आणि खरी अडचण हीच आहे. खडबडीतपणात फरक नाही, हे तपासले आहे. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या वर नेता येत नाही. अशा स्थितीत फ्लोरिन फक्त वरच्या १०० नॅनोमीटरमध्ये क्रमाक्रमाने वाढवावे, की हेक्सामिथिलडायसायलोक्सेन या सिलिकॉनयुक्त सेंद्रिय द्रवाच्या वाफेतून सिलिकॉन व ऑक्सिजन मिसळावेत, आणि वायूचे प्रमाण कितीपासून सुरू करावे?