थंडीत कुत्रा अंथरुण सोडतच नाही, काय करावं?

आमचा बंड्या साडेनऊ वर्षांचा. आखूड केस, खात्यापित्या घरचा. मागच्या हिवाळ्यापर्यंत पट्टा खणखणला की हा दारात हजर. यंदा पहाटे हाक मारली तर एक डोळा उघडतो आणि पुन्हा नाक शेपटीखाली. ओढून नेलाच तर कोपऱ्यावरून माघारी. हात लावला की अंग तापल्यासारखंही वाटतं. स्वेटर आणला, तर पहिल्याच रात्री एक बाही खाऊन टाकली. घरच्यांचं म्हणणं, "कुत्र्याला कसली आलीय थंडी!" स्वेटर खरंच लागतो का? रात्रभर हीटर चालू ठेवू का? आणि आंघोळीचं काय?

खारुताई:
घरच्यांचं म्हणणं हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातल्या जातींच्या बाबतीत खरं आहे. त्यांना वरच्या केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो. आखूड केसांच्या, त्यातून म्हाताऱ्या कुत्र्याला थंडी वाजते. पण स्वेटर फक्त बाहेर जाताना घाला आणि घरात आल्यावर काढा. ओला झाला तर लगेच काढा. काखेत घासून केस जातात तेही बघत जा. माझ्या मते स्वेटरपेक्षा अंथरुणाकडे लक्ष द्या. खरा गारठा फरशीतून येतो. जमिनीपासून चार बोटं उंच फळी आणि त्यावर जाड रजई, बास.

पावटा:
हीटर रात्रभर नकोच! हवा कोरडी पडते, कातडीला कोंडा होतो, खाज सुटते. शिवाय ही मंडळी त्याला चिकटून झोपतात. आमच्याकडे केस जळल्याचा वास आला तेव्हा कळलं, साहेब स्वतः ढिम्म! गरम पाण्याची पिशवीही ठेवू नका, चावून फोडली तर भाजेल.

जुनी_पायवाट:
बंड्याची आई, एक वेगळंच विचारते. उठताना मागचे पाय आखडतात का? पहिली दहा-बारा पावलं अवघडून आणि मग मोकळा, असं होतं का? सोफ्यावर उडी मारतो का अजून? असं असेल तर ही नुसती थंडी नाही, सांध्यांचं दुखणं असू शकतं. गारठ्यात ते वाढतं. डॉक्टरांना दाखवाच. थायरॉइड कमी असलं तरी कुत्री सुस्तावतात, ऊब शोधतात, वजन वाढतं, तेव्हा रक्त तपासायचं का तेही विचारा. तोवर घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, कुत्र्यांना त्यांची विषबाधा होते. आणि अंगाला हात लावून ताप ठरवू नका, त्यांचं तापमान मुळातच साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं.

बंड्याची आई:
तुम्ही विचारलंत आणि पोटात गोळाच आला. सोफ्यावर चढणं दोनेक महिन्यांपासून बंद आहे. आम्हाला वाटलं, शहाणा झाला.

पावटा:
+१ डॉक्टरांना. आणि फिरणं पहाटेचं कशाला? ऊन वर आल्यावर न्या.

गुंडाळी:
आंघोळीचं राहिलंच. थंडीत शक्य तितकी कमी, भर दुपारी, कोमट पाण्याने, आणि कातडीपर्यंत कोरडं करायचं. एरवी ब्रश पुरे. बर्फ पडणाऱ्या भागात राहत असाल तर फिरून आल्यावर पंजे धुवा. रस्त्यावर टाकलेलं मीठ बोटांत अडकून झोंबतं, आणि ते चाटतातही. गाडीतलं अँटिफ्रीझ (इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) गोड लागतं आणि थोडंसंही जीव घेऊ शकतं. सांडलं तर लगेच पुसा.

बंड्याची आई:
दाखवून आणलं. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले. थायरॉइड ठीक आहे. वजन ३ किलो जास्त निघालं (फिरणं निम्म्यावर आलं होतं, वाडगा मात्र तेवढाच). औषध सुरू केलंय, फरशीवर पाय घसरू नये म्हणून दारापर्यंत सतरंजी टाकलीय, आणि आता अकराच्या उन्हात दोन छोट्या फेऱ्या होतात. काल कोपरा ओलांडला. एका बाहीचा स्वेटर अंगात घालू देत नाही, पण रजईवर अंथरला की बरोबर त्याच्यावरच झोपतो.