8 डीबीआयचा अँटेना घ्यावा की 6 डीबीडीचा?

बागाईतदार: द्राक्षबागेत ओलाव्याचे लोरावॅन (कमी विजेवर लांब पल्ल्याचं रेडिओ जाळं) सेन्सर आहेत, 865 मेगाहर्ट्झवर. त्यांचे संदेश घेणारा गेटवे 27 डीबीएमचा (1 मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद; 27 म्हणजे अर्धा वॉट), घरात. गच्चीपर्यंत 10 मीटर केबल. एक दुकानदार 8 डीबीआयचा ओम्नी (चहूकडे सारखा चालणारा अँटेना) देतोय, दुसरा 6 डीबीडीचा. घर टेकडीवर, बाग 500 मीटरवर, पण 150 मीटर खाली. दुसरा प्लॉट 3 किमीवर, घराच्याच उंचीवर. बजेट 3000.

तरंग: दोन्ही सारखेच. ही गेनची, म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याची मापं: डीबीआय सगळीकडे सारखा पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत, डीबीडी डायपोल या साध्या दोन दांड्यांच्या अँटेनाच्या तुलनेत. डीबीडीत 2.15 मिळवा की डीबीआय येतो. 6 डीबीडी म्हणजे 8.15 डीबीआय. लेबलावर नुसतं ‘डीबी’ असेल तर घेऊ नका.

उंचमनोरा: 12 डीबीआयचाच घ्या! माझा 9000 ला पडला, पण वसूल.

आरएफकाका: बजेट 3000 आहे हो. शिवाय गेनने ताकद वाढत नाही, आहे तीच आडव्या चकतीत दाबली जाते. 8 डीबीआयच्या ओम्नीचा उभा पसारा साधारण 15 अंश, म्हणजे क्षितिजाखाली साडेसात. बाग जवळजवळ 17 अंश खाली, सिग्नल वरून जाणार. 2 डीबीआयचा डायपोल लावा.

तरंग: केबल बघा आधी. आरजी-58 ही बारीक केबल दहा मीटरमध्ये 5 डीबी खाते, एलएमआर-400 ही जाड केबल सव्वा. आरजी-58 धरून 27 − 5 + 8 = 30 डीबीएम ईआयआरपी (केबल आणि गेन धरून अँटेनातून निघणारी ताकद, डीबीआयच्या हिशेबाने), म्हणजे 1 वॉट.

उंचमनोरा: मग पॉवर वाढवा. 4 वॉटची सरकारी मुभा आहे.

आरएफकाका: ती 4 वॉट ईआरपी, आणि ट्रान्समीटर 1 वॉटपर्यंतच. ईआरपी डायपोलच्या हिशेबाने, म्हणून ईआयआरपीत ते साधारण 38.2 डीबीएम होतात. पण लोरावॅनचा भारतासाठीचा आयएन865 आराखडा 30 डीबीएम ईआयआरपीवरच थांबतो. आणि पॉवर वाढवून गेटवेचा आवाज मोठा होईल, कान नाही. सेन्सरकडून येताना केबलने खाल्लेले 5 डीबी गेलेच.

तरंग: +1. केबल बघा म्हटलं ते त्याचसाठी.

बागाईतदार: गेटवेच पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) गच्चीत नेतो, पाणी न शिरणाऱ्या डब्यात, अर्धा मीटर केबल. अँटेना मात्र 8 डीबीआयचाच. सेन्सर 14 डीबीएमचे, 500 मीटरला मोकळ्या हवेत 85 डीबी जातात, म्हणजे −71. पसाऱ्याबाहेर आणि पानांत मिळून आणखी 35 गेले तरी −106. एसएफ7 (लोरावॅनची वेगवान, कमी पल्ल्याची सेटिंग) साधारण −123 पर्यंत ऐकतो. गेन लागणार तो लांबच्या प्लॉटला.

आरएफकाका: हिशेब बरोबर, तरी माझं मत डायपोल. 8 च लावणार असाल तर पॅकेट फॉरवर्डरच्या (गेटवेतला संदेश पुढे पाठवणारा प्रोग्राम) फाइलमध्ये अँटेना गेन 8 टाका. तिथे शून्य राहिलं तर 30 च्या मर्यादेतून काही वजा होत नाही, गेटवे पूर्ण 27 सोडतो आणि ईआयआरपी 35 वर जातो.