डबघाईला आलेल्या स्वस्त एअरलाईनचं तिकीट काढू का? (आज रात्रीपर्यंत ठरवायचंय)

घाईत_आहे
नमस्कार मंडळी, पटकन सल्ला हवाय. एका लो कॉस्ट एअरलाईनचं तिकीट बाकीच्यांपेक्षा जवळजवळ निम्म्यात मिळतंय, पण रोज बातमी येतेय की कंपनी गाळात आहे, पगार थकलेत, अर्धी विमानं नुसती उभी आहेत वगैरे. घरचे म्हणतात काढून टाक, मला धाकधूक वाटतेय. सेल रात्री १२ ला संपतो. काढू की नको? हो किंवा नाही एवढंच सांगा, लेक्चर नको 🙏

खिडकीची_सीट
प्रवास कधीचा आहे? किती जण? जायचं तिकीट की रिटर्न? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीये आणि हो की नाही सांगा म्हणे.

जुना_फिरस्ता
नाही. नाही. आणि नाही. जेट एअरवेजचं आठवा, १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं, सकाळपर्यंत लोक तिकिटं काढत होते.

पदर_खर्च
जेट लो कॉस्ट नव्हती हो फिरस्ते काका. उदाहरण द्यायचं तर गो फर्स्टचं द्या. २ मे २०२३ ला एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी बघणारं न्यायाधिकरण) दिवाळखोरीचा अर्ज टाकला, ३ तारखेपासून फ्लाईट बंद. आधी म्हणाले दोन-तीन दिवसच रद्द आहेत, मग आठवडा, मग पुढची तारीख, आणि शेवटी जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढायचाच आदेश आला. परत कधी उडालीच नाही.

जुना_फिरस्ता
लो कॉस्ट असो की महाग, बुडाली ना? मुद्दा तोच.

घाईत_आहे
अडीच महिन्यांनी जायचंय, सहा जण, रिटर्न. लग्न आहे, तारीख हलणार नाही.

कार्ड_बहाद्दर
मग बिनधास्त काढा, फक्त क्रेडिट कार्डाने. कंपनीने गाशा गुंडाळला तर बँकेकडे चार्जबॅक टाकायचा, म्हणजे सेवा मिळाली नाही म्हणून कार्डाचे पैसे परत मागायचे. साधारण प्रवासाच्या तारखेपासून १२० दिवस हातात असतात, आपापल्या बँकेला विचारून घ्या. माझे एकदा असे पूर्ण पैसे परत आलेत, दोन फॉर्म आणि तिकिटाची पीडीएफ, बास.

पदर_खर्च
पैसे परत आले पण लग्नाला पोचलात का? :) चार्जबॅक यायला महिना-दोन महिने लागतात आणि त्या दिवशी बाकीच्या कंपन्यांचे भाव कुठे गेलेले असतात ते बघा. एका रात्रीत हजारो माणसं तीच सीट शोधत असतात. निम्म्यात घेतलेलं तिकीट दुपटीत पडतं, वर सहा जण.

कार्ड_बहाद्दर
असं घाबरून बसलं तर घराबाहेरच पडायला नको. ह्या कंपनीबद्दल गेली कितीतरी वर्षं हेच ऐकतोय, आज बंद उद्या बंद. मी त्यात चार वेळा जाऊन आलो.

दोरीवरचे_कपडे
दिवाळखोरी म्हणजे लगेच बंद असं नसतं, इथे सगळे तेच धरून चाललेत. अमेरिकेत चॅप्टर इलेव्हन म्हणून प्रकार आहे, त्यात कंपनी कोर्टाच्या छत्राखाली उडत राहते, आणि जुनी तिकिटं पाळायची परवानगी सहसा पहिल्याच दिवशी मागून घेतात. डेल्टा एअरलाईन २००५ ला त्यात गेली, अमेरिकन एअरलाईन्स २०११ ला, दोन्ही उडतच होत्या. उलट ब्रिटनमध्ये मोनार्क एअरलाईन ऑक्टोबर २०१७ मध्ये पहाटे थेट बंद पडली, तेव्हा सुमारे १ लाख १० हजार लोक बाहेर होते, त्यांना आणायला सरकारला विमानं भाड्याने घ्यावी लागली. तेव्हा कंपनी कुठल्या देशातली आहे आणि तिथला कायदा काय म्हणतो ते आधी बघा. विमानं भाड्याची असतील तर मालक ती कधी ओढून नेतो ह्यावर सगळा खेळ.

कार्डाबद्दल अजून एक. ज्या बँकेमार्फत एअरलाईन कार्डाचे पैसे घेते ती बँकही मूर्ख नसते, कंपनी हलायला लागली की ती तिकिटाचे पैसे प्रवास होईपर्यंत अडवून ठेवते. मग कंपनीकडचा रोख अजून आटतो. अमेरिकेतल्या फ्रंटिअर एअरलाईनने एप्रिल २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तो ह्याच कारणाने. म्हणजे ज्यामुळे तुमचे पैसे वाचतात त्यानेच कंपनी लवकर मरते. (फ्रंटिअर मात्र वाचली.)

घाईत_आहे
मला लेक्चर नको होतं 😅 पण वाचलं. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला तर?

खिडकीची_सीट
बहुतेक साध्या पॉलिसीत एअरलाईन बुडणं धरतच नाहीत, त्याचं वेगळं कलम असावं लागतं. आणि बातम्या पेपरात आल्यावर काढलेली पॉलिसी असेल तर तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणून हात वर करतात. अटी वाचल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका.

गरम_चहा
सुरक्षेचं काय पण? पैसे नाहीत म्हणजे मेंटेनन्सला पण कात्री लावणार. माझ्या मते त्यात बसूच नये.

दोरीवरचे_कपडे
हे कोणी विचारलं नव्हतं. पैसे नसले की विमान जमिनीवर उभं राहतं, पार्ट नाही म्हणून उडवत नाहीत. उभ्या विमानांचे पार्ट काढून दुसऱ्याला लावतात म्हणूनच तर फ्लाईट रद्द होतात.

गरम_चहा
मी आपलं काळजीपोटी बोललो.

आत्याबाई
मी सांगते काय झालं ते. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही पहाटे विमानतळावर पोचलो तर काउंटरवर कोणीच नाही, काचेवर चिकटपट्टीने लावलेला एक कागद, त्यावर फोन नंबर, आणि तो नंबर सतत बिझी. बाजूच्या खुर्चीत त्याच कंपनीची एक मुलगी युनिफॉर्ममध्ये बसलेली, बॅज काढून पर्समध्ये ठेवलेला. तिच्यावर ओरडायला गेले तर ती म्हणाली, मावशी मला चार महिने पगार नाही, मी आज फक्त लोकांना सांगायला आले. काय बोलणार? दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर गेलो तर ते म्हणे ह्यांच्याशी आमचा करार नाही, नवीन तिकीट काढा. रिफंड अजून यायचाय. विमान भाड्याने देणारे, बँका, पगार, ह्या सगळ्यांच्या मागे आपण रांगेत शेवटी.

जुना_फिरस्ता
बघा. मी म्हणत होतो.

कार्ड_बहाद्दर
आत्या, तिकीट कशाने काढलं होतं?

आत्याबाई
भाच्याने यूपीआयने काढलं होतं.

कार्ड_बहाद्दर
मग हेच तर सांगतोय मी!!

बॅग_सात_किलो
अवांतर: ह्यांची केबिन बॅग काट्यावर मोजतात का हो अजून? माझ्याकडून गेल्या वेळी गेटवर पैसे घेतले, सात किलो आणि वर थोडं.

खिडकीची_सीट
अवांतरसाठी वेगळा धागा काढा.
धागाकर्ते, पुढे कनेक्टिंग आहे का?

घाईत_आहे
हो, पुढे दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, तीन तासांचं अंतर, ते तिकीट आधीच काढलंय.

पदर_खर्च
अहो!! हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. वेगळं पीएनआर (बुकिंग नंबर) म्हणजे पहिलं रद्द झालं किंवा सकाळचं संध्याकाळवर ढकललं तर पुढचं गेलंच, दुसरी कंपनी तुम्हाला नो-शो, म्हणजे आलेच नाहीत असं धरणार. अशा कंपन्या बंद पडायच्या आधी दोन-तीन महिने फ्लाईट एकत्र करत असतात, पाच रोजच्या असतील तर दोन ठेवतात. आत्ता त्या मार्गावर मागच्या आठवड्यात किती उडाल्या ते ट्रॅकिंग साईटवर बघा, तेवढ्याने पन्नास टक्के उत्तर मिळेल.

घाईत_आहे
बघितलं. सहा दिवसांत चार रद्द, एक पाच तास लेट.

पदर_खर्च
मग जाताना दुसरं काढा, थोडं महाग पडू दे. येताना ह्यांचं काढलं तर निदान लग्न तरी चुकणार नाही. आणि रद्द झालं की व्हाउचर देऊ करतील ते अजिबात घेऊ नका, पैसेच मागा. बुडणाऱ्या कंपनीचं व्हाउचर म्हणजे रद्दी.

जुना_फिरस्ता
येताना तरी कशाला? सहा माणसं परक्या गावात अडकली की निम्मं तिकीट हॉटेलातच जातं.

कार्ड_बहाद्दर
फिरस्ते, तुम्ही बैलगाडीने जा.

घाईत_आहे
झालं. जाताना दुसऱ्या कंपनीचं काढलं, येताना ह्यांचंच, घरचे ऐकेनात. सगळ्यांचे आभार.

कार्ड_बहाद्दर
कार्डाने ना?

घाईत_आहे
एजंटच्या साईटवर जुन्या रिफंडचे पैसे वॉलेटमध्ये पडून होते, त्यातून.

कार्ड_बहाद्दर
😑

दोरीवरचे_कपडे
वॉलेटवर चार्जबॅक लागत नाही. आता एजंटची पावती, तिकीट आणि एअरलाईनच्या स्वतःच्या साईटवर पीएनआर दिसतोय त्याचा स्क्रीनशॉट, तिन्ही आजच काढून ठेवा. तो पीएनआर दर आठवड्याला तपासा आणि येतानाच्या तारखेचे दुसऱ्या कंपन्यांचे भाव आठ दिवस आधीपासून डोळ्यासमोर असू द्या.

नवीन_सदस्य
मीही हेच विचारणार होतो. प्रवास कधीचा आहे तुमचा?